फॉस्फेटेजचा इनहिबिटर तपासताना: मोड आलेल्या मुगापासून आयसी-५० पर्यंत, आणि मधल्या चुका

दरवर्षी जानेवारीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टचं रजिस्टर घेऊन येतात. दहातल्या सहांचं वाक्य ठरलेलं: "सर, ९५ टक्के इनहिबिशन येऊन राहिलं!" मी विचारतो, नुसत्या इनहिबिटरचा ब्लँक (चालू एन्झाइम नसलेल्या ट्यूबचं वाचन) किती आला? शांतता. शेवटी ट्यूबमधला पीएच मोजला होता का? पुन्हा शांतता. मग आम्ही दोघं मिळून तोच प्रयोग परत करतो आणि ९५ चे १० होतात, कधी शून्य.

फॉस्फेटेज म्हणजे रेणूवरचा फॉस्फेटचा गट पाण्याच्या मदतीने तोडणारं एन्झाइम. त्याला अडवणारे छोटे रेणू, म्हणजे इनहिबिटर, शोधणं हे औषधशास्त्रातलं मोठं काम आहे, पण त्याचा पाया तालुक्याच्या कॉलेजातही नीट घालता येतो. आयसी-५० म्हणजे एन्झाइमचा वेग निम्म्यावर आणणारं इनहिबिटरचं प्रमाण. त्यासाठी एक कलरीमीटर, एक वॉटर बाथ, बर्फ आणि पावशेर मूग पुरतात. खाली जो क्रम दिला आहे तो मोडू नका. बहुतेक चुका हाताच्या नसतात. पाचवा टप्पा दुसऱ्याच्या आधी केल्यामुळे त्या होतात.

## टप्पा १: पाणी, भांडी आणि बफर

सुरुवात पाण्यापासून, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त असतं. दीड मिलिग्रॅम म्हणजे साधारण ०.०८ मिलिमोलर. फ्लोराइड हा ॲसिड फॉस्फेटेजचा (आम्लात काम करणारं फॉस्फेटेज, मुगातलं तेच) जुना, ओळखीचा इनहिबिटर आहे. म्हणजे बोअरच्या पाण्यात बफर केला की तुम्ही इनहिबिटर टाकण्याआधीच ट्यूबमध्ये एक इनहिबिटर बसलेला असतो. एका वर्षी डिस्टिलेशनचा हीटर जळाला म्हणून आम्ही आठवडाभर बोअरच्या पाण्यावर भागवलं, आणि तो सगळा आठवडा वाया गेला.

डिस्टिल्ड पाणीच वापरा. बॅटरीत टाकायचं पाणी बाहेरून आणत असाल तर आधी त्याची कंडक्टिव्हिटी बघा. लेबलवर 'शुद्ध' लिहिलं आहे एवढ्यावर विसंबू नका.

काचेची भांडी धुण्याच्या पावडरमध्ये फॉस्फेट असू शकतं, आणि फॉस्फेट हे या एन्झाइमचंच उत्पादन. ते सक्रिय जागी, म्हणजे एन्झाइमचं काम जिथे चालतं तिथे, परत बसतं आणि एन्झाइमला अडवतं. त्यामुळे शेवटच्या तीन धुण्या डिस्टिल्ड पाण्याच्याच.

बफर: पीएच ५.० चा ०.१ मोलर ॲसिटेट. १०० मिलीसाठी सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट ०.८६ ग्रॅम आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ०.२१ मिली. आधी ८० मिली पाण्यात विरघळवा, पीएच मीटरवर ५.० करा, मग १०० पर्यंत भरा.

सावध: फ्रिजमध्ये फॉस्फेट बफरची बाटली कायम भरलेली असते, म्हणून पोरं सवयीने तीच उचलतात. फॉस्फेटेजच्या प्रयोगात फॉस्फेट बफर म्हणजे चोराच्या हाती तिजोरीची किल्ली. पीबीएससुद्धा (मीठ घातलेला फॉस्फेट बफर) नको.

तपासा: पीएच मीटर त्याच दिवशी ४ आणि ७ च्या बफरवर कॅलिब्रेट केलं आहे ना? मे महिन्यात खोलीत ४२ अंश असताना तापमानाची दुरुस्ती बंद ठेवून घेतलेला पीएच लिहून ठेवायच्या लायकीचा नसतो.

## टप्पा २: मुगातून एन्झाइम काढणं

विकतचं शुद्ध एन्झाइम असेल तर उत्तम. पण शिकायला मोड आलेला मूग चांगला. अंकुरताना बियाणं साठवलेलं फॉस्फेट मोकळं करत असतं, त्यामुळे मोडांत ॲसिड फॉस्फेटेज भरपूर असतं.

१. मूग रात्रभर भिजवा. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. थंडीत दोन-तीन दिवस, उन्हाळ्यात दीड दिवस. मोड बोटाच्या एका पेराएवढे झाले की घ्या. आंबूस वास आला तर फेकून द्या, कारण जंतूंचीही स्वतःची फॉस्फेटेज असतात.

२. १० ग्रॅम मोड, २० मिली थंडगार बफर. खलबत्ता आधी फ्रिजमध्ये ठेवलेला. बर्फावर वाटा.

३. चार पदरी मलमलच्या कापडातून गाळा, मग सेंट्रिफ्यूजवर १० मिनिटं फिरवा. सेंट्रिफ्यूज नसेल तर अर्धा तास बर्फावर निवळू द्या आणि वरचं पाणी फिल्टर पेपरमधून घ्या.

४. हा अर्क बर्फावरच राहील. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून काम काढा, नाहीतर फ्रिज बंद पडून दुपारी पाहावं तर सगळं कोमट. आम्ही बर्फाचा थर्मास शेजारीच ठेवतो.

आता जी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही ती. मोडाच्या अर्कात मोकळं फॉस्फेटही असतं. ते काढलं नाही तर तुमचं 'इनहिबिटर नसलेलं' कंट्रोलच मुळात अडवलेलं असतं. डायलिसिस ट्यूब असेल तर अर्क रात्रभर थंड बफरमध्ये टांगा आणि बफर दोनदा बदला. नसेल तर निदान अर्क २० ते ५० पट पातळ करूनच वापरा. पातळ केल्याने एन्झाइमही कमी होतं खरं, पण ती कसर वेळ वाढवून भरून काढता येते. फॉस्फेटची कसर मात्र वेळाने भरत नाही.

तपासा: थोडा अर्क १० मिनिटं उकळा आणि 'मेलेलं एन्झाइम' अशी चिठ्ठी लावून ठेवा. पुढे प्रत्येक टप्प्यावर तो लागेल.

## टप्पा ३: सबस्ट्रेट आणि पिवळा रंग

सबस्ट्रेट म्हणजे एन्झाइम ज्याच्यावर काम करतं तो रेणू. इथे तो पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट, लॅबच्या भाषेत पीएनपीपी. एन्झाइमने फॉस्फेट तोडलं की पॅरा-नायट्रोफेनॉल उरतं. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू पिवळ्या रूपात असतात तो) ७.१५ च्या आसपास, म्हणजे पीएच ५ ला ते जवळपास बिनरंगी राहतं. दरवर्षी एक तरी जण येऊन सांगतो, "सर, पिवळं येऊनच नाही राहिलं." येणारच नाही. सोडियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर येतं, आणि त्याच क्षणी एन्झाइमही थांबतं. एका थेंबात दोन कामं.

५ मिलिमोलर द्रावणासाठी पीएनपीपीचं डायसोडियम हेक्साहायड्रेट ३७ मिलिग्रॅम, २० मिली पाण्यात. त्याच दिवशी करा, अंधारात बर्फावर ठेवा.

ही पावडर नागपूरहून मे महिन्यात पार्सलने येते तेव्हा गाडीत ती किती तापली असेल देव जाणे. उष्णतेने आणि ओलाव्याने ती आपोआप तुटते. म्हणून पहिलं काम: १ मिली पाण्यात ०.२ मिली सबस्ट्रेट टाका, त्यावर २ मिली सोडियम हायड्रॉक्साइड, आणि रंग बघा. स्पष्ट पिवळा दिसला तर ती बाटली पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला द्या, इनहिबिटरच्या कामाला नको.

रोजची ट्यूब अशी भरायची:

- ॲसिटेट बफर ०.६ मिली
- इनहिबिटर किंवा त्याचं नुसतं द्रावक ०.१ मिली
- पातळ केलेलं एन्झाइम ०.१ मिली
- पीएनपीपी ०.२ मिली (शेवटी १ मिलिमोलर होतं)

एकूण १ मिली, ३७ अंशांवर. थांबवायला ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २ मिली. वाचन ४०५ नॅनोमीटरवर. फिल्टरवालं कलरीमीटर असेल तर ४२० चा फिल्टर चालतो, फक्त त्यावर आपली स्वतःची पॅरा-नायट्रोफेनॉलची प्रमाण रेषा काढून घ्या.

एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा. वरच्या मापाने भरून थांबवलेल्या ट्यूबचं वाचन घेताना १ सेंमी क्युव्हेटमध्ये ४०५ ला ॲबसॉर्बन्स ०.६ आला, तर सुमारे १० टक्के सबस्ट्रेट संपलं. (मोलर शोषण १८,००० धरून: ३ मिलीत ०.१ मायक्रोमोल.) त्याच्या वर गेलात तर सुरुवातीचा वेग मोजणं संपलं आणि दमलेल्या प्रतिक्रियेचा वेग मोजणं सुरू झालं.

या पद्धतीचा आमच्यासाठी मोठा फायदा असा की सोडियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर रंग टिकतो. मध्येच लाइट गेली तर घाबरायचं नाही, ट्यूब झाकून ठेवा आणि आल्यावर वाचा. फक्त कलरीमीटरचा दिवा तापायला १५-२० मिनिटं द्या.

## टप्पा ४: सरळ रेष मिळेपर्यंत पुढे जायचं नाही

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून सगळे उडी मारतात.

एकाच पातळ एन्झाइमच्या सात ट्यूब करा आणि ०, २, ५, १०, १५, २०, ३० मिनिटांवर थांबवा. आलेख काढा. रेष जिथपर्यंत सरळ तिथपर्यंतचीच वेळ वापरायची. मग वेळ एकच ठेवून एन्झाइम ०.०२५, ०.०५, ०.१ मिली असं बदला. एन्झाइम दुप्पट केलं की रंग दुप्पट व्हायला हवा.

होत नसेल तर बहुधा एन्झाइम जास्त झालं आहे. अशा ट्यूबमध्ये खरा इनहिबिटरही लंगडा दिसतो. निम्मं एन्झाइम अडवलं तरी उरलेलं निम्मं ३० मिनिटांत सगळं सबस्ट्रेट संपवतं, आणि तुम्ही लिहिता 'परिणाम नाही'.

घड्याळाची शिस्त: पहिल्या ट्यूबमध्ये सबस्ट्रेट, १५ सेकंदांनी दुसऱ्यात, असं करत जा. थांबवतानाही तोच क्रम, तेच १५ सेकंद. दोघं मिळून करा, एकाने मोबाइलचं स्टॉपवॉच बघत 'हं' म्हणायचं. एकट्याने वीस ट्यूब केल्या की अकराव्यानंतर हिशोब चुकतोच.

## टप्पा ५: के-एम काढा, अंदाज नको

के-एम म्हणजे सबस्ट्रेटचं ते प्रमाण, ज्याला एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो. ०.१, ०.२, ०.४, ०.८, १.६, ३.२ मिलिमोलर अशा सबस्ट्रेटच्या पायऱ्या करा. वरच्या पायऱ्यांसाठी १६ मिलिमोलरचं वेगळं द्रावण लागेल. वेग मोजा. वक्र संगणकावर थेट बसवता येत असेल तर तसंच करा. लाइनवीव्हर-बर्क (वेग आणि सबस्ट्रेट दोन्ही उलटे करून काढलेली सरळ रेष) परीक्षेच्या पेपरला ठीक आहे, पण त्यात सगळ्यात कमी सबस्ट्रेटच्या, म्हणजे सगळ्यात जास्त चूक असलेल्या बिंदूंनाच सगळ्यात जास्त वजन मिळतं.

के-एम का हवं? पुढे इनहिबिटर तपासताना सबस्ट्रेट के-एमच्या आसपास ठेवायचं असतं. के-एमच्या दहापट सबस्ट्रेट ठेवलं तर सक्रिय जागेसाठी सबस्ट्रेटशी स्पर्धा करणारा चांगला इनहिबिटरही गर्दीत चेंगरून जातो. दुसऱ्या कोणाच्या पेपरमधला आकडा उचलू नका, तुमचा मूग वेगळा, बफर वेगळा, तापमान वेगळं.

## टप्पा ६: आधी ओळखीच्या माणसांना बोलवा

तुमचा नवा रेणू टाकण्याआधी, ज्यांचं काम माहीत आहे असे इनहिबिटर टाकून बघा. ते चालले नाहीत तर दोष पद्धतीत आहे.

फॉस्फेट: पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, पीएच ५ ला आणून, १ ते २० मिलिमोलर. स्वस्त, सुरक्षित, आणि स्पर्धात्मक इनहिबिशन शिकवायला याच्यासारखं दुसरं नाही.

मॉलिब्डेट: १ मायक्रोमोलरपासून सुरुवात करा, ॲसिड फॉस्फेटेजला तो फार थोड्यात पकडतो.

फ्लोराइड: ०.१ ते १० मिलिमोलर. सोडियम फ्लोराइड विषारी आहे. प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, तीव्र ॲसिडशी गाठ पडू देऊ नका, तोंडाने पिपेट तर नाहीच.

व्हॅनेडेट: यावर थोडं थांबतो, कारण हे द्रावण दहांपैकी आठ जण चुकीचं करतात. सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट पाण्यात टाकलं की पीएचनुसार त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दहा-दहाचे गठ्ठे करतात. पिवळा-नारिंगी रंग दिसतो तो त्या गठ्ठ्यांचा. फॉस्फेटची नक्कल करतो तो सुटा व्हॅनेडेट, गठ्ठा नव्हे. म्हणून:

१. २०० मिलिमोलर: ३६८ मिलिग्रॅम, सुरुवातीला ९ मिली पाण्यात.
२. पीएच १० करा. पिवळा होईल.
३. बिनरंगी होईपर्यंत उकळा.
४. थंड करा, पीएच पुन्हा बघा. बदललेला असेल. परत १० करा.
५. पिवळा परत येत नाही आणि पीएच हलत नाही तोपर्यंत ३ आणि ४ करत राहा. मग १० मिली करा, छोट्या भागांत गोठवून ठेवा.

पीएच ५ च्या ट्यूबमध्ये तो मिलिमोलर प्रमाणात टाकला तर परत गठ्ठे होतातच. १०० मायक्रोमोलरच्या वर जाऊ नका. आणि ईडीटीए (धातू धरून ठेवणारा रेणू) असलेल्या बफरमध्ये व्हॅनेडेट वापरू नका, ईडीटीए त्याला धरून ठेवतो.

व्हॅनेडेट, मॉलिब्डेट आणि फ्लोराइडचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये किंवा मागच्या नालीत नाही. वेगळा कॅन, लेबल लावून.

## टप्पा ७: आता तुमचा रेणू

पाण्यात विरघळत नसेल तर डीएमएसओ हे द्रावक. ट्यूबमध्ये शेवटी १ टक्क्यापेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक ट्यूबमध्ये सारखाच, कंट्रोलमध्येही. १०० मिलिमोलरचा साठा करून त्यातूनच कमी-जास्त थेंब टाकणाऱ्यांच्या प्रत्येक ट्यूबमध्ये डीएमएसओ वेगळा पडतो. साठ्याच्या पायऱ्या आधी डीएमएसओमध्येच करा, मग बफरमध्ये.

पायऱ्या तीन-तीन पटींच्या: १, ३, १०, ३०, १००, ३०० मायक्रोमोलर. प्रत्येक पायरी तीन ट्यूब.

टाकायचा क्रम: बफर, इनहिबिटर, एन्झाइम, १० मिनिटं थांबा, शेवटी सबस्ट्रेट. सबस्ट्रेट आधी टाकून इनहिबिटर नंतर टाकला तर हळू बसणारे रेणू हुकतात.

प्रत्येक पायरीसोबत या ट्यूब हव्यातच:

- एन्झाइम आणि सबस्ट्रेट, नुसतं द्रावक (शंभर टक्के)
- मेलेलं एन्झाइम आणि सबस्ट्रेट (शून्य)
- इनहिबिटर आणि सबस्ट्रेट, मेलेलं एन्झाइम (इनहिबिटरचा स्वतःचा रंग)
- पूर्ण प्रतिक्रिया द्रावकात करून, सोडियम हायड्रॉक्साइड टाकल्यानंतर इनहिबिटर टाकलेली

शेवटची ट्यूब सगळे वगळतात, आणि तीच सगळ्यात जास्त वाचवते. थांबवल्यानंतर टाकलेल्या इनहिबिटरने एन्झाइमला काही करणं शक्यच नाही. तरीही वाचन खाली आलं, तर तुमचा रेणू रंगाशी खेळतोय.

टक्के काढताना इनहिबिटरच्या ट्यूबमधून त्याचाच ब्लँक वजा करा आणि कंट्रोलमधून कंट्रोलचा. एकच ब्लँक सगळीकडे वजा केलेली रजिस्टरं मी परत पाठवतो.

## टप्पा ८: खोटा इनहिबिटर ओळखणं

इथे वेळ द्या, बाकी सगळं घाईत झालं तरी चालेल.

पीएच. जास्त प्रमाणाच्या ट्यूबमध्ये सबस्ट्रेटशिवाय सगळं मिसळा आणि पीएच पट्टी बुडवा. ५ वरून ३.५ ला गेला असेल तर तुम्ही ॲसिडच मोजत आहात. आवळा, चिंच आणि लिंबाच्या अर्कांचे निम्मे शोध इथेच संपतात.

टॅनिन. मेळघाटातून आणलेली हिरड्याची पूड, बेहडा, अर्जुनाची साल ही पोरांची आवडती. या सगळ्यांत टॅनिन भरपूर, आणि टॅनिन कोणत्याही प्रथिनाला गोळा करून खाली बसवतं. चामडं कमावायचं कामही तेच. ट्यूब उजेडात धरा, गढूळ दिसतं का? अर्क पीव्हीपीपीसोबत (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी पावडर) हलवून गाळून घ्या आणि परत तपासा. परिणाम गायब झाला तर तुम्हाला इनहिबिटर मिळाला नव्हता. शिवाय टॅनिन आणि इतर पॉलिफेनॉल अल्कलीत तपकिरी होतात, तो रंग ४०५ ला मोजला जातो आणि इनहिबिशन असेल त्यापेक्षा कमीही दिसतं. दोन्ही चुका एकाच ट्यूबमध्ये उलट दिशांनी ओढतात, म्हणून उत्तर कधीकधी गोड, विश्वासार्ह दिसतं.

हळद. कर्क्युमिनचा स्वतःचा रंग ४२० च्या आसपास मोजला जातो, आणि अल्कलीत तो तांबडा होतो. रंगाच्या पद्धतीत कर्क्युमिन तपासणं म्हणजे होळीच्या दिवशी पांढरा सदरा घालून डाग मोजणं. तपासायचंच असेल तर मोकळं झालेलं फॉस्फेट मोजायची पद्धत घ्या, पीएनपीपीचा रंग नको.

गुठळ्या. कमी विरघळणारे रेणू पाण्यात बारीक गोळे करतात आणि एन्झाइम त्यांच्या पृष्ठभागावर चिकटून निकामी होतं. डोळ्यांना दिसत नाहीत. ओळख सोपी: बफरमध्ये ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखा डिटर्जंट) टाका, त्यासाठीचं कंट्रोलही ट्रायटनसकट. इनहिबिशन नाहीसं झालं तर गुठळ्याच होत्या. दुसरी खूण: एन्झाइम दहापट केलं की गुठळ्यांचा परिणाम कोलमडतो. तिसरी: आलेख फारच उभा असतो, दहा मायक्रोमोलरला काहीच नाही आणि तीसला सगळं बंद.

धातू. अल्कलाइन फॉस्फेटेजच्या (अल्कलीत काम करणारं फॉस्फेटेज, टप्पा १० मध्ये येईल) सक्रिय जागी झिंक असतं. जो रेणू झिंक धरून ओढतो, तो अडवल्यासारखा दिसतो. झिंक परत घातल्यावर एन्झाइम जागं झालं तर तुमचा रेणू चिमटा आहे, किल्ली नव्हे.

पेरॉक्साइड. हा मुगाला लागू नाही, पण नागपूरच्या मोठ्या लॅबमध्ये कोणी पीटीपी-१बी सारख्या टायरोसिन फॉस्फेटेजवर काम करायला गेलं तर लक्षात ठेवा. त्यांच्या सक्रिय जागी सिस्टीन असतं आणि ते सहज ऑक्सिडाइझ होतं. डीटीटी (सिस्टीन ऑक्सिडाइझ होऊ नये म्हणून टाकतात ते) असलेल्या बफरमध्ये क्विनोनसारखे रेणू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, आणि मारतो तो पेरॉक्साइड. कॅटालेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) टाकून बघा. परिणाम गेला तर खेळ संपला.

परत सुटतो का? एन्झाइम नेहमीच्या १०० पट घट्ट घ्या, इनहिबिटर आयसी-५० च्या १० पट. अर्धा तास ठेवा. मग एकदम १०० पट पातळ करून सबस्ट्रेटमध्ये टाका. आता इनहिबिटर आयसी-५० चा दहावा भाग उरतो. सुटणारा असेल तर वेग ९० टक्क्यांच्या जवळ परत येतो. आला नाही तर तो घट्ट चिकटलाय, किंवा त्याने एन्झाइम मोडून टाकलंय, आणि मग आयसी-५० या एका आकड्याला फारसा अर्थ राहत नाही, कारण तो तुम्ही किती मिनिटं थांबलात त्यावर बदलेल.

## टप्पा ९: आकडा लिहिताना

आयसी-५० एकटं कधीच लिहू नका. सोबत सबस्ट्रेटचं प्रमाण, के-एम, पीएच, तापमान आणि आधी किती मिनिटं थांबलात ते लिहा.

के-आय हे इनहिबिटरच्या पकडीचं माप, जितकं लहान तितकी पकड घट्ट. स्पर्धात्मक इनहिबिटरसाठी आयसी-५० म्हणजे के-आय गुणिले (१ अधिक सबस्ट्रेट भागिले के-एम). सबस्ट्रेट के-एमइतकंच ठेवलं असेल तर आयसी-५० हे के-आयच्या दुप्पट. अनकॉम्पिटिटिव्हसाठी (सबस्ट्रेट बसल्यावरच एन्झाइमला पकडणारा) उलट: के-आय गुणिले (१ अधिक के-एम भागिले सबस्ट्रेट). कोणता प्रकार आहे हे एका सबस्ट्रेटवर कळत नाही. निदान तीन सबस्ट्रेट प्रमाणांवर, दोन-तीन इनहिबिटर प्रमाणांसह वेग मोजा. सबस्ट्रेट वाढवल्यावर इनहिबिशन कमी झालं तर स्पर्धात्मक, वाढलं तर अनकॉम्पिटिटिव्ह, तसंच राहिलं तर नॉन-कॉम्पिटिटिव्ह.

डॉकिंगचं (रेणू एन्झाइमवर कसा बसेल याचा संगणकावरचा अंदाज) रंगीत चित्र रजिस्टरमध्ये चिकटवायला माझी हरकत नाही. फक्त ते टप्पा ८ नंतर चिकटवा.

## टप्पा १०: जोडीला दुधाचा प्रयोग

ज्यांच्या घरी गाय किंवा म्हैस आहे त्यांनी हा जरूर करावा. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज असतं. पाश्चरायझेशनच्या तापमानाला, म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंदांत, ते निकामी होतं, म्हणूनच डेअरीत दूध नीट तापलं का हे यावरून बघतात. पाकिटाचं दूध इथे चालणार नाही. शेळीच्या दुधात हे एन्झाइम गायीपेक्षा बरंच कमी असतं, त्यामुळे तेही टाळा.

बफर: लिटरला ३.५ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि १.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, त्यात १.५ ग्रॅम पीएनपीपी. ५ मिलीत १ मिली दूध, ३७ अंश. इथे माध्यमच अल्कली, त्यामुळे पिवळं आपोआप येत जातं. ब्लँकला उकळलेलं तेच दूध, म्हणजे गढूळपणा दोन्हीकडे सारखा. आकडे हवे असतील तर दूध २० पट पातळ करून छोट्या वेळेत मोजा.

इनहिबिटर लेव्हामिसोल. हो, तेच, शेळ्या-बकऱ्यांना जंतासाठी देतात ते. तो या एन्झाइमचा अनकॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर आहे, म्हणजे सबस्ट्रेट वाढवलं की त्याची पकड वाढते. मुगाच्या फॉस्फेटच्या बरोबर उलट. दोन्ही आलेख शेजारी काढले की वर्गात कोणाला व्याख्या पाठ करावी लागत नाही.

दोन चुका इथे हमखास होतात. पहिली, जनावरांच्या दवाखान्यातून औषधाची बाटली आणणं. त्यात रंग, साखर, प्रिझर्व्हेटिव्ह आणि काय काय असतं, त्यामुळे शुद्ध लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइडच मागवा (१ मिलिमोलरसाठी लिटरला २४१ मिलिग्रॅम). दुसरी चूक महाग पडते: दुधाऐवजी कंपनीकडून वासराच्या आतड्यातलं अल्कलाइन फॉस्फेटेज मागवणं. लेव्हामिसोल त्याला जवळपास अडवतच नाही. आतड्याच्या प्रकाराला एल-फेनिलअलानिन अडवतं. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका पोरीने दोन महिने हाच प्रयोग केला, शून्य इनहिबिशन येतंय म्हणून रडकुंडीला आली, आणि शेवटी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं तेव्हा कळलं की तिचा प्रत्येक आकडा बरोबर होता.